मुरूम, मांजऱ्या, काळा दगड : नाशिकच्या जुन्या बोअर-नोंदी कशा वाचाव्यात

‘०–१० काळी माती. १०–३० मुरूम. ३०–९० काळा दगड. ९०–१०० लाल. १०० ला ओल. १००–१८० काळा दगड, पांढरे ठिपके. १८० ला पाणी, दीड इंच. २०० ला बंद.’

नाशिक जिल्ह्यातल्या जुन्या बोअरची नोंद साधारण एवढीच असते. वरचा नमुना कोणा एका बोअरचा नाही. पण सिन्नर, चांदवड, दिंडोरी, येवला अशा कोणत्याही तालुक्यात चौकशी केली तर याच सुराचे कागद हाती येतात. कधी ते बोअरवाल्याच्या बिलाच्या पाठीवर असतात, कधी ग्रामपंचायतीच्या दप्तरात, कधी सरकारी छापील तक्त्यात. जमिनीखाली काय आहे हे प्रत्यक्ष खोदून पाहिल्याचा पुरावा म्हणून बहुतेक गावांत यापलीकडे काहीच नाही.

या कागदांकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. काही जाणकार त्यांना अडाणी नोंदी म्हणून बाजूला सारतात. काही जण ‘मुरूम’ म्हटले की एक रंग, ‘काळा दगड’ म्हटले की दुसरा रंग असे करून थेट नकाशा काढतात. माझ्या मते दोन्हींत नुकसान आहे. नोंदीतला शब्द हा त्या दिवशी चाललेल्या कामाचा दाखला असतो. तो कोणी लिहिला, कोणत्या यंत्राने खोदताना लिहिला आणि कशासाठी लिहिला, हे आधी ठरवले की तोच त्रोटक कागद बरेच काही सांगू लागतो. हे ठरवायचे कसे, आणि कुठे थांबायचे, याचा हा आढावा.

आधी जमीन. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग दख्खनच्या बेसाल्टने झाकलेला आहे आणि नाशिक जिल्हा जवळजवळ पूर्णपणे त्यातच येतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले. चांदवडचे डोंगर किंवा कसारा घाट दुरून पाहिला तर उतारावर जे टप्पे दिसतात ते याच थरांचे. एका थराची साधारण रचना लक्षात ठेवली की नोंद वाचणे पुष्कळ सोपे होते. थराच्या माथ्याशी वायूचे बुडबुडे अडकून खडक सच्छिद्र झालेला असतो. ही छिद्रे पुढे पांढऱ्या, हिरवट खनिजांनी भरली जातात. मधला आणि खालचा भाग भरीव, काळा, घट्ट असतो. त्याला उभ्या-आडव्या भेगा असतात. दोन उद्रेकांच्या मध्ये बराच काळ गेला असेल तर खालच्या थराच्या माथ्यावर लाल मातकट पट्टा मिळतो. त्यावर पुन्हा पुढचा थर. पाणी राहते ते मुख्यतः वरच्या कुजलेल्या भागात, सच्छिद्र माथ्यात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यावर. पुणे विद्यापीठातले भूजलतज्ज्ञ देवळाणकर यांनी १९८० साली दख्खनच्या बेसाल्टच्या जलधारणेवर जो निबंध लिहिला, त्यातही खडकाच्या या प्रकारांचा वेगवेगळा विचार आहे. ‘बेसाल्ट’ हा एकच शब्द पाण्याच्या हिशेबात पुरत नाही, हे तेव्हापासून आपल्याकडे माहीत आहे. नोंदींत मात्र बहुधा एकच शब्द येतो : दगड.

आता लिहिणारे कोण होते ते पाहू. सर्वांत जुनी परंपरा हाताने खोदलेल्या विहिरींची. वडार कारागीर आणि गावातले मजूर पहार, सुरुंग आणि यारी घेऊन विहीर उतरवत. खोली परसात सांगत. पुरुषभर खोलीचे हे माप गावोगावी थोडे वेगळे पडे. म्हणून ‘सात परसाला पाणी’ ही आठवण फुटांत मांडताना चार-पाच फुटांची चूक गृहीत धरावी. पण या विहिरींचा एक मोठा गुण आहे : माणूस स्वतः खाली उतरून खडक पाहत होता. झरा कोणत्या अंगाने आला, भेग आडवी होती की तिरकी, हे त्याला ठाऊक असे. सरकारी योजनांतल्या विहिरींचे काम मोजमाप पुस्तिकेत चढू लागले, तेव्हा त्याच खडकाची विभागणी मऊ मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक आणि कठीण खडक अशी झाली. ही विभागणी मजुरीच्या दरासाठी आहे. पहारीने निघाला की मुरूम, सुरुंग लागला की कठीण खडक. मोजमाप पुस्तिकेतला ‘मऊ खडक’ सच्छिद्र बेसाल्ट असू शकतो, कुजलेला भरीव बेसाल्ट असू शकतो, किंवा जवळजवळच्या भेगांनी फुटलेला घट्ट दगडही असू शकतो. तिन्हींत पाण्याची वागणूक निराळी. तेव्हा अशा पुस्तिकेतून काठिण्य घ्यावे, खडकाची जात घेऊ नये.

दुसरी पिढी हवेच्या दाबावर चालणाऱ्या विंधनयंत्रांची. १९६७ च्या बिहार–उत्तर प्रदेशातल्या दुष्काळात युनिसेफने अशी यंत्रे देशात आणली. महाराष्ट्रात जालना आणि सोलापूर इथल्या मिशनरी विहीर-प्रकल्पांनी कठीण खडकातल्या बोअरला आणि त्यावरच्या हातपंपाला चालना दिली. ‘जालना पंप’ आणि ‘सोलापूर पंप’ ही नावे तिथूनच आली, आणि पुढे ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप घडला तो याच अनुभवावर. १९७२ च्या दुष्काळाने गावोगावच्या बोअरना वेग आला. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा त्याच सुमारास उभी राहिली. केंद्राच्या बाजूने १९५४ साली स्थापन झालेली अन्वेषक नलिका-विहीर संघटना १९७० मध्ये केंद्रीय भूजल मंडळ झाली, आणि १९७२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा भूजल विभाग तिला जोडला गेला. या दोन्ही संस्थांच्या नोंदी भूवैज्ञानिकाच्या देखरेखीखाली झालेल्या असतात. त्यांतले ‘सच्छिद्र बेसाल्ट’ आणि ‘भरीव बेसाल्ट’ हे शब्द त्याच अर्थाने घेता येतात. संख्येने त्या थोड्या, पण बाकीच्या सर्व नोंदी तपासायला मोजपट्टी म्हणून त्यांचाच उपयोग. गावातल्या कोणत्याही कागदाआधी आसपासच्या सरकारी शोध-बोअरची नोंद मिळवावी असे मी म्हणतो ते यासाठी.

तिसरी आणि संख्येने प्रचंड असलेली पिढी खासगी गाड्यांची. महाराष्ट्रात फिरणाऱ्या पुष्कळशा बोअरच्या गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या. चालक आणि मजूर तमिळ बोलणारे, शेतकरी मराठी बोलणारा, मध्ये एजंट, आणि बिलावरची नोंद मोडक्या इंग्रजीत किंवा हिंदीत. या गाड्यांची नोंद मुळात किती फूट खोदले आणि किती केसिंग टाकले याच्या हिशेबासाठी असते. त्यामुळे या दोन आकड्यांवर बराच भरवसा ठेवता येतो आणि खडकाच्या नावावर फार कमी. नाशिकच्या एखाद्या बिलात ‘ग्रॅनाइट’ दिसला, तर चालकाच्या मुलखात कठीण दगडाला जे म्हणतात तेच त्याने इथे लिहिले, एवढाच त्याचा अर्थ. इथे बोअर पोहोचते त्या खोलीत ग्रॅनाइट नाही. तसेच पठारावर साठ-सत्तर फुटांखाली ‘जांभा’ लिहिलेला दिसला, तर लालसर कुजका थर समजावे.

केसिंगचा आकडा मी मुद्दाम वर काढतो. सैल माती आणि मुरूम जिथे संपतो आणि भोक स्वतःच्या बळावर उभे राहते, तिथपर्यंत पाइप उतरवावा लागतो, आणि त्याचे पैसे फुटावर मोजले जातात. दोन्ही बाजूंचे लक्ष त्या आकड्यावर असते. कुजलेल्या खडकाची जाडी सांगणारा सर्वांत विश्वासू आकडा ‘मुरूम’ या शब्दापुढचा नसतो, केसिंगपुढचा असतो. नोंदीत मुरूम वीस फूट आणि केसिंग चाळीस फूट असेल, तर मधल्या वीस फुटांत काय होते हे विचारलेच पाहिजे. बहुतेक वेळा तिथे फुटका, सैल दगड असतो आणि विहिरीच्या दृष्टीने तोच भाग कामाचा.

मुरूम म्हणजे जागेवरच कुजलेला बेसाल्ट. वरून मातीत मिसळलेला, खाली जाताना गोट्यांचा, आणि त्याखाली दगडाच्या सांध्यांत शिरलेला. विहिरींचे पाणी मुख्यतः याच पट्ट्यात. पण त्याची एकूण साठवण थोडी असते. घनफळाच्या एक ते तीन टक्के पाणी सुटले तरी पुष्कळ. दहा फूट जाडीचा ओला मुरूम घेतला तर त्यातून तीन-चार इंचांचा पाण्याचा थर हाती लागतो, फार फार तर. ‘तीस फूट मुरूम’ वाचून हुरळून जाण्याआधी त्यातले किती फूट पाण्याखाली आहेत हे पाहावे. पेठ आणि सुरगाण्याच्या उतारांवर पाऊस मुबलक, पण कुजलेला थर पातळ आणि उतार तीव्र. पाणी झिरपते आणि नाल्यावाटे निघून जाते. उन्हाळ्यात तिथल्या विहिरी कोरड्या पडतात त्याचे उत्तर नोंदीतल्या त्या पहिल्या दोन ओळींत असते.

मांजऱ्या हा विहीर खोदणाऱ्यांचा शब्द. गाठीगाठींचा, पोकळ्यांचा, करड्या किंवा जांभळट रंगाचा, पहारीला थोडाफार दबणारा दगड. शास्त्रीय भाषेत बहुधा सच्छिद्र किंवा खनिजांनी भरलेल्या छिद्रांचा बेसाल्ट. छिद्रे दिसली म्हणजे पाणी वाहील असे नाही, कारण बहुतेक छिद्रे एकमेकांना जोडलेली नसतात आणि बरीच खनिजांनी बुजलेली असतात. मांजऱ्या पाणी देतो तो कुजल्यावर आणि त्याला आडव्या फटी पडल्यावर. म्हणून ‘मांजऱ्या’ हा शब्द वीस फुटांवर असेल तर आशेचा. तोच दोनशे फुटांवर असेल तर त्याच्याजवळ ‘ओल’, ‘गॅप’ किंवा ‘पाणी’ यांपैकी काही लिहिले आहे का ते पाहावे. नसेल तर तो थराच्या सीमेची खूण म्हणून उपयोगी, पाण्याची म्हणून नाही.

काळा दगड, काळा पाषाण, कातळ, ‘हार्ड’ ही सगळी नावे भरीव बेसाल्टची. तो घट्ट असला की पाणी धरत नाही आणि सोडतही नाही. पांडवलेण्यांच्या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंनी खडकात पाण्याच्या पोढी, म्हणजे टाकी, कोरल्या, त्यांत पाणी टिकते ते याच गुणामुळे. पण भरीव दगडाला भेगा असतात, आणि खोल बोअरला लागलेले पुष्कळसे पाणी अशाच भेगेतले. लिहिणारा मात्र पूर्ण लांबीला एकच शब्द लावून मोकळा होतो. ‘३०–२०० काळा दगड’ अशी सलग नोंद आली तर तीन शक्यता धराव्यात. थर खरोखर जाड आहे. किंवा मधले सच्छिद्र पट्टे लिहिणाऱ्याने सोडले. किंवा बोअर उभ्या डाइकमध्ये, म्हणजे भेगेत थिजलेल्या लाव्ह्याच्या भिंतीत, उतरली आहे. बागलाण आणि कळवणच्या बाजूला असे डाइक जमिनीवर भिंतीसारखे उठलेले दिसतात. नकाशावर बोअरची जागा टाकून ती त्या रेषेवर येते का ते पाहिले की तिसऱ्या शक्यतेचा निकाल लागतो.

लाल पट्ट्याबाबत फसवणूक सर्वांत जास्त होते. दोन थरांमधला हा लाल मातकट थर बहुतेक ठिकाणी काही इंचांपासून तीन-चार फुटांपर्यंतचा असतो. नोंदीत तो दहा फूट, कधी वीस फूट जाड दिसतो. कारण दुहेरी आहे. एक तर नोंद रॉडच्या लांबीने होते : रॉड दहा फुटांचा असेल तर त्या रॉडभर जे मुख्य दिसले ते लिहिले जाते, पुढे वीस फुटी रॉड आले तेव्हा वीस फुटांची सरसकट ओळ. दुसरे असे की लाल माती ओली झाली की भोकाच्या कडेने ढासळत राहते आणि खालच्या दगडाचा चुरा वर येताना त्यात मिसळते. हवेच्या झोतात चुरा शंभर फुटांवरूनही काही सेकंदांत वर येतो, त्यामुळे उशिरा पोहोचण्याची चूक नगण्य. मिसळण्याची चूक मात्र मोठी. म्हणून लाल पट्ट्याचा वरचा आकडा धरावा आणि खालचा सोडून द्यावा. हा पट्टा स्वतः चिकण असल्याने पाणी देत नाही, पण त्याच्या वरच्या अंगाला पाणी अडते. वरच्या नमुन्यात ‘१०० ला ओल’ आहे. ती ओल बहुधा पट्ट्याच्या माथ्यावरची, म्हणजे नव्वद फुटांजवळची असून रॉड संपल्यावर लिहिली गेली आहे.

पांढरे ठिपके. इथे नाशिकची एक खास अडचण आहे. छिद्रांत भरलेली झिओलाइट आणि कॅल्साइट ही खनिजे पांढरी दिसतात. पांडवलेण्यांच्या परिसरातल्या खाणींतून निघालेले असे स्फटिक जगभरच्या संग्रहांत आहेत, आणि सिन्नरचे गारगोटी संग्रहालय पाहिले तर या खनिजांची विविधता डोळ्यांत भरते. पण पांढरे ठिपके दुसऱ्याही कारणाने येतात. घाटमाथ्याच्या काही थरांत प्लाजिओक्लेज या खनिजाचे बोटाएवढे लांब स्फटिक भरीव खडकातच रुतलेले असतात. त्यांपैकी एका थराला भूवैज्ञानिकांनी थळ घाटाचे, म्हणजे आपल्या कसारा घाटाचेच, नाव दिले आहे. पहिल्या प्रकारचा ठिपका थराचा सच्छिद्र माथा दाखवतो, दुसऱ्याला पाण्याशी काही देणेघेणे नाही. नोंदीत दोन्ही ‘पांढरे ठिपके’. चुरा शिल्लक असेल तर ओळखणे अवघड नाही. छिद्रातले खनिज गोलसर वाटीतून सुटते आणि दगडात खळगा राहतो. प्लाजिओक्लेज सपाट, चकचकीत फळीसारखा तुटतो. कॅल्साइटच्या भुकटीवर लिंबू पिळले तर फेस येतो, झिओलाइटवर येत नाही. हिरवट झाक असेल तर ती छिद्रांच्या अस्तराची, म्हणजे पुन्हा सच्छिद्र भागाची खूण. चुरा नसेल तर खोलीवरून आणि शेजारच्या नोंदींवरून अंदाज करावा लागतो, आणि तो अंदाज म्हणूनच लिहावा.

मातीच्या ओळीकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. नाशिककडे काळी, माळ, कोराळ आणि बरड अशी मातीची चार नावे चालतात : काळी खोल आणि चिकण, माळ तांबूस तपकिरी, कोराळ भरड, उथळ, लालसर काळी, आणि बरड फिकट तपकिरी. शेतकऱ्याने सांगितलेले हे नाव नोंदीत उतरले असेल तर ते अचूक मानावे. ज्याने ती जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसली त्याच्याइतके तिला कोणी ओळखत नाही. कोराळ असेल तर मुरूम जवळ. काळीच्या खाली चुनखडीचे खडे असतील तर पाणी वर-खाली होत राहिल्याची ती खूण. निफाडकडे गोदावरी आणि कादवेच्या काठाने गाळ साठलेला आहे, तिथे ‘पिवळी माती’, ‘वाळू’, ‘गोटे’ हे शब्द नदीच्या गाळाचे आहेत. तेच शब्द नदीपासून दूर, माळावरच्या नोंदीत आले तर ‘वाळू’ म्हणजे भुसभुशीत मुरूम आणि ‘गोटे’ म्हणजे कुजताना उरलेले बेसाल्टचे गोल गाभे. शब्द एकच, पण नदीकाठी तो साठवणीचा मोठा थर आणि माळावर किरकोळ. बोअरची जागा नदीपासून किती दूर हे न पाहता या ओळी वाचूच नयेत.

आकड्यांबाबतही थोडे सांगायला हवे. सगळे आकडे दहाच्या किंवा वीसच्या पाढ्यात असतील तर नोंद रॉड मोजून झाली आहे. मध्येच ‘४७ ला लाल’ असा वेडावाकडा आकडा आला, तर त्या क्षणी यंत्राजवळ कोणीतरी बघत होते. अशी एक ओळ बाकीच्या दहा ओळींपेक्षा मोलाची. ओल लागल्याची खोलीही, रॉडभराचा फरक सोडला तर, विश्वासाची, कारण तोवर उडणारी कोरडी धूळ एकदम थांबते आणि आसपासच्या सगळ्यांना ते दिसते. त्यानंतर खाली आणखी पाणी मिळाले तर ते आधीच्या पाण्यात मिसळून येते आणि झोत स्पष्ट वाढला तरच कळते. म्हणून नोंदीत पहिले पाणी नेमके, दुसरे ढोबळ, आणि तिसरे बहुधा गायब.

पाणी ‘इंचांत’ लिहिण्याची पद्धत तर फारच घोटाळ्याची. सरकारी बोअरवर काटकोनी खाचेच्या पत्र्यावरून पाणी वाहू देतात आणि खाचेतली उंची मोजतात. त्या हिशेबाने एक इंच म्हणजे तासाला सुमारे ५०० लिटर, दोन इंच म्हणजे सुमारे २,९०० आणि तीन इंच म्हणजे जवळजवळ ८,०००. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त वाढते. पण खासगी बोअरवर ‘दोन इंच पाणी’ हे अनेकदा दोन इंची पाइप भरून पडेल इतके, असे नजरेने म्हटलेले असते. दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक. कोणत्या इंचाने मोजले हे कळत नसेल तर त्या आकड्यावरून फक्त ‘होते’ किंवा ‘नव्हते’ एवढेच घ्यावे. शिवाय तो आकडा खोदताना हवेने उडवलेल्या पाण्याचा. पंप बसवून आठ-आठ तास उपसल्यावर तेवढे टिकेल याची हमी नाही. नोंदीवर महिना असेल तर तोही बघावा. ऑगस्टमधली ओल आणि एप्रिलमधली ओल सारखी नव्हे.

‘२०० ला बंद’ ही शेवटची ओळ खडकाबद्दल काही सांगत नाही. सुरुवातीच्या यंत्रांचा हवेचा दाब कमी होता, हातपंपालाही फार खोलीचा उपयोग नव्हता, म्हणून गावच्या सार्वजनिक बोअर दोनशे फुटांच्या, म्हणजे साठ मीटरच्या आसपास थांबल्या. पुढे दाब वाढला आणि खोलीही. जुन्या बोअरला दगड फोडायला किती वेळ लागला आणि नव्या बोअरला किती, याची तुलना करून खडक मऊ की कठीण ठरवणे त्यामुळे चुकीचे आहे. आणखी एक गोष्ट : ज्या बोअरला पाणी लागले तिचा कागद राहिला, कोरड्या गेलेल्या बोअरचा कागद कोणी जपला नाही. गावातल्या दहा नोंदींत दहाही यशस्वी दिसल्या तर गावाखाली भरपूर पाणी आहे असा निष्कर्ष निघत नाही. कोरड्या बोअरची नोंद शोधून काढणे हे अशा कामातले सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत गरजेचे काम. ती लोकांच्या तोंडी असते, कारण पैसे बुडाल्याची आठवण पुसली जात नाही.

एकेक नोंद अशी झाडून-पुसून घेतली की त्या एकमेकींना जोडायच्या. इथे दख्खनचे थर आपल्याला साथ देतात : ते जवळजवळ आडवे आहेत. खोली जमिनीपासून मोजलेली असते, तिला समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत बदलले की विस्कळीत दिसणारे आकडे ओळीत येतात. समजा एका शिवारात वरच्या बोअरला लाल पट्टा १४० फुटांवर आणि खालच्या बोअरला ८० फुटांवर, आणि दोन्ही जागांच्या उंचीत ६० फुटांचा फरक. म्हणजे तो एकच पट्टा. पण हे जोडणे एक-दोन किलोमीटरपुरतेच करावे. थर अर्धा अंश कलला असेल तरी किलोमीटरमागे जवळजवळ नऊ मीटरचा फरक पडतो, आणि दुसरा पट्टा पहिल्याच्या जागी येऊन बसतो. शिवाय घाटमाथ्याकडचे पुष्कळ थर लहान-लहान जिभांनी बनलेले आहेत. त्या काही अंतरावर संपतात. शेजारच्या बोअरला पट्टा मिळाला नाही म्हणून नोंद खोटी ठरवू नये. मोबाइलवरची उंची अनेक मीटरने चुकते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरच्या समोच्च रेषा किंवा पातळी-यंत्राने घेतलेली उंची वापरावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, जवळची उघडी विहीर, नाल्याची कड, खडीची खाण किंवा रस्त्याची कापणी जाऊन पाहावी. जो थर बोअरमध्ये शब्दाने कळतो तो तिथे डोळ्यांनी दिसतो.

मातीत आणि दगडात हात घातल्याशिवाय शब्दांना अर्थ येत नाही, हे शास्त्रज्ञांच्या बाबतीतही खरे आहे. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे घेतलेल्या शास्त्रीय बोअरमध्ये बेसाल्टची जाडी ३३८ मीटर भरली आणि खाली गाळाचा पातळ थर लागून मग पायाचा खडक आला. कोयना भागात एका बोअरला हीच जाडी नऊशे मीटरांहून अधिक मिळाली. या दोन्ही बोअरमधून चुऱ्याऐवजी खडकाचे अखंड दांडके बाहेर काढले होते, म्हणून प्रत्येक थराचा माथा आणि तळ मोजता आला. शेतकऱ्याच्या बोअरला ती चैन परवडणारी नाही.

परदेशात हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवला गेला. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीचे भूजल-प्रतिमान बनवताना अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सुमारे ८,५०० बोअरवाल्यांच्या नोंदी घेतल्या. हजार तऱ्हेचे शब्द त्यांनी भरड आणि बारीक अशा दोनच गटांत बसवले. बारकावे गेले, पण जे उरले ते भक्कम होते आणि त्यावर पुढचे गणित उभे राहिले. त्याच राज्यात या नोंदी २०१५ पर्यंत जनतेला बंद होत्या. त्या वर्षी कायद्याने खुल्या झाल्या. ब्रिटनमध्ये दहा लाखांहून अधिक बोअरच्या नोंदी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे जमा आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य कोणालाही घरबसल्या पाहता येतात.

नाशिकसाठी मला दोन गट अपुरे वाटतात, पण पंधरा शब्दांचीही गरज नाही. माती व गाळ, मुरूम व फुटका दगड, सच्छिद्र दगड, भरीव दगड, लाल पट्टा : या पाच कप्प्यांत बहुतेक जुन्या नोंदी प्रामाणिकपणे बसतात. सोबत दोन खुणा, पाणी कुठे लागले आणि केसिंग किती. जे बसत नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे आणि मूळ शब्द तसाच जपावा, कारण उद्या कोणाला तरी त्याचा जास्त चांगला अर्थ लागेल.

कायद्याने दार उघडून ठेवले आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ हा १ जून २०१४ पासून लागू झाला. विहिरींची नोंदणी, विंधनयंत्रांची नोंदणी आणि साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवरचे नियंत्रण त्यात आहे. नोंदणीच्या वेळी यंत्रचालकाकडून थरांची साधी नोंद घेणे आणि ती गावात उपलब्ध ठेवणे ही फार मोठी गोष्ट नाही. गावाचे पाण्याचे अंदाजपत्रक मांडताना खडकाचा हिशेब आज बहुतेक ठिकाणी गृहीतकावर चालतो; त्याच्या जागी गावच्याच बोअरच्या नोंदी ठेवता येतील.

तोवर प्रत्येक शेतकऱ्याला एक विनंती. तुमच्या शेतात बोअरची गाडी उभी असेल तेव्हा प्रत्येक रॉडला मूठभर चुरा घ्या, कागदाच्या पुडीत बांधा आणि पुडीवर फूट लिहा. धूळ कुठे थांबली, लाल कुठे आले, यंत्र कुठे एकदम खाली गेले, केसिंग किती बसले, पाणी कशाने मोजले आणि तारीख कोणती, एवढे बिलाच्या पाठीवर स्वतःच्या हाताने लिहा. बोअर कोरडी गेली तरी लिहा. आणि घरात जुने कागद असतील तर त्यांची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या.